आजारी माणसासाठी पाळक किंवा फादरना कधी बोलवावे?

“फादरना आत्ताच बोलावलं तर बाबांना वाटेल, आपलं संपलं.” गंभीर रुग्णाच्या घरी ही भीती नेहमी असते. म्हणून बोलावणे पुढे ढकलले जाते आणि फादर येतात तेव्हा रुग्ण शुद्धीवर नसतो.

अहिल्यानगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831 मध्ये सुरू झाले. त्या परंपरेतल्या बऱ्याच मंडळ्या आता चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहेत. श्रीरामपूर-हरेगाव भागात कॅथलिक कुटुंबेही पुष्कळ आहेत. दोन्हीकडे आजाऱ्याची भेट हे पाळकांचे नेहमीचेच काम आहे.

लवकर का बोलवावे?

कॅन्सरची शेवटची अवस्था, किडनी किंवा लिव्हर निकामी होणे, मोठा पक्षाघात अशा आजारांत गुंगी वाढते, गिळणे अवघड होते. मग मनातले बोलणे, क्षमा मागणे, प्रभुभोजन घेणे राहून जाते. बायबलमधील याकोबाच्या पत्रातही आजाऱ्याने स्वतः मंडळीच्या वडिलांना बोलवावे असे सांगितले आहे.

कॅथलिक चर्चमध्ये आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार फक्त मरणासन्न माणसासाठी नाही. गंभीर आजारात किंवा मोठ्या ऑपरेशनआधीही तो घेता येतो आणि प्रकृती आणखी बिघडल्यास पुन्हा देता येतो. अगदी शेवटी देतात तो ख्रिस्तप्रसाद वेगळा; ती वाटेची शिदोरी.

अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना चर्चमध्ये जाता येत नाही. त्यांच्यासाठी नियमित घरभेट मागून घ्या.

भेटीच्या वेळी काय काळजी घ्यावी?

- गिळताना ठसका लागत असेल तर आधीच सांगा. रुग्णाला टेकवून बसवा. भाकरीचा अगदी छोटा कण पुरतो. कॅथलिक रुग्णाला भाकर गिळता येत नसेल तर फक्त द्राक्षारसही देता येतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका.
- उपास नको. डायबेटिसच्या रुग्णाने वेळेवर खावे. कॅथलिक नियमातही आजारी आणि वृद्धांना ख्रिस्तप्रसादाआधीच्या उपासातून सूट आहे.
- ऑक्सिजन सुरू असेल तर खोलीत मेणबत्ती किंवा धूप लावू नका. आग लागू शकते.
- मॉर्फिन बंद करू नका. वेदना कमी असतील तरच रुग्ण शांतपणे प्रार्थना करू शकतो. गुंगी फार वाटली तर डोसबद्दल डॉक्टरांना विचारा.
- गर्दी टाळा. दोन-तीन माणसे, दहा-पंधरा मिनिटे पुरेत. केमोथेरपी सुरू असल्यास सर्दी-खोकला असलेल्यांनी जाऊ नये.
- थोडा वेळ एकांत द्या. रुग्णाला पाळकांशी जे बोलायचे आहे, ते कदाचित तुमच्यासमोर बोलता येणार नाही.

रुग्ण बेशुद्ध असला तरी त्याला ऐकू येत असण्याची शक्यता असते. कानाजवळ हळू बोला, आवडते गीत म्हणा.

प्रार्थना आणि औषध दोन्ही

“आता विश्वास ठेवा, गोळ्या सोडा” असे कोणी म्हटले तरी इन्सुलिन, फिटच्या किंवा टीबीच्या गोळ्या स्वतःहून थांबवू नका. अचानक दम लागणे, फिट येणे, रक्तस्राव किंवा न थांबणारी वेदना असल्यास लगेच डॉक्टरांना कळवा किंवा 108 ला फोन करा.

विषय कसा काढावा?

रुग्णालाच सरळ विचारा, “पाळकसाहेबांना भेटावंसं वाटतं का?” बऱ्याचदा रुग्ण या प्रश्नाची वाटच पाहत असतो. तो नको म्हणाला तर आग्रह करू नका. काही दिवसांनी पुन्हा विचारा.