खर्जाशी उशिरा झालेली ओळख

५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर ब्लॅक सबाथ या बँडचे चारही मूळ कलावंत शेवटचे एकत्र आले. ऑझी ऑस्बर्न पार्किन्सन्सने खचला होता, तो सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला. त्यानंतर सतरा दिवसांनी, २२ जुलैला, तो गेला. ज्या अ‍ॅस्टन भागात ही पोरं लहानाची मोठी झाली, तिथेच त्यांनी निरोप घेतला. १९६८ साली सुरू झालेली गोष्ट सत्तावन्न वर्षांनी संपली. त्यातली शेवटची काही वर्षंच माझ्या वाट्याला आली, तीही चाळिशी जवळ आल्यावर. किल्लारीत जन्मलेल्या माणसापर्यंत हे संगीत इतक्या उशिरा का पोचलं आणि पोचल्यावर त्याने काय दिलं, त्याचा हा मागोवा.

किल्लारी म्हटलं की बाहेरच्या माणसाला एकच तारीख आठवते, ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून गाव झोपलेलं, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचं मातीचं जड माळवद, ही आमच्या भागातली पिढ्यान् पिढ्यांची घरं. उन्हाळ्यात गार राहणारी ती घरं त्या रात्री माणसांवर कोसळली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा मिळून सरकारी आकडा ७,९२८ मृतांचा. पुढे ५२ गावं जुन्या जागेवरून उठवून नव्या जागी वसवली गेली. तोवर हा सगळा पट्टा भूकंपाच्या नकाशावर सर्वांत सुरक्षित, म्हणजे पहिल्या श्रेणीत होता. २००२ साली नकाशा बदलला, ती श्रेणीच काढून टाकली आणि आमचा भाग तिसऱ्या श्रेणीत गेला.

माझ्या या गोष्टीशी संबंध आहे तो आवाजाचा. मोठ्या भूकंपाच्या आधी, १९९२ सालीच, किल्लारीत लहान धक्के आणि जमिनीखालून गडगड ऐकू येणं सुरू झालं होतं. नंतरही ते थांबलं नाही. आजही अधूनमधून ‘भूगर्भातून गूढ आवाज’ अशी बातमी लातूरच्या पेपरात येते आणि नव्या किल्लारीतली म्हातारी माणसं उठून अंगणात येतात. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहून शाळा शिकलो. रात्री रस्त्याने भरलेला ट्रक गेला तरी पत्रा थरथरायचा आणि आई आम्हाला दंडाला धरून बाहेर काढायची. खालचा, जाडा, छातीत उतरणारा आवाज म्हणजे पळायचा इशारा, हे त्या वयात अंगात मुरलं. पुढे लग्नात, मिरवणुकीत डीजेच्या भिंती आल्या, तेव्हा मी गर्दीतून बाजूला होऊन लांब उभा राहायचो. मित्रांना वाटायचं याला गाण्याची आवड नाही. आवड होती. घरात पेटी होती, भजनी मंडळ होतं, आकाशवाणीवरचं शास्त्रीय गाणं वडील न चुकता लावायचे. पण माझ्या आवडीला खालून एक मर्यादा पडली होती. बासरी चालायची, सनई चालायची, खर्जातलं काही सुरू झालं की अंग आक्रसायचं.

महाराष्ट्रात तोवर रॉक संगीताचा मोठा काळ होऊन गेला होता. १९७२ साली लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर ध्वनिमुद्रण करून गेले. १९८४ साली मुंबईत रॉक मशीन हा बँड उभा राहिला, १९९३ साली त्याने इंडस क्रीड हे नाव घेतलं. १९८६पासून इंडिपेंडन्स रॉकचे जलसे सुरू झाले आणि धोबी तलावाचं रंगभवन ही या संगीताची पंढरी ठरली. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे ते खुलं नाट्यगृह अशा कार्यक्रमांना बंद झालं. १९९५ साली डीप पर्पल मुंबईत वाजवून गेले. २००० साली मुंबईतच डेमॉनिक रिझरेक्शन सुरू झाला, मागोमाग भयानक मौतसारखे बँड आले. २००७ साली आयर्न मेडन बंगळूरला आले, १ फेब्रुवारी २००८ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात. पुण्या-मुंबईच्या कॉलेजातल्या पोरांनी हे सगळं जागेवर उभं राहून पाहिलं.

यातलं काहीच आमच्यापर्यंत आलं नाही. लातूरच्या कॅसेटच्या दुकानात भक्तिगीतं, प्रल्हाद शिंदे, लोकगीतं आणि हिंदी सिनेमा. इंग्रजी गाण्यांच्या कॅसेटी कुठे मिळतात हे विचारायलाही ती नावं माहीत असावी लागतात. आम्हाला नावंच माहीत नव्हती. शिवाय इंग्रजी ही आमच्यासाठी परीक्षेत पास होण्याची गोष्ट होती. जिच्यात गाणं ऐकावं अशी ती भाषा वाटतच नव्हती. हेवी मेटल हा शब्द कानावर आला तो ‘वाया गेलेल्या पोरांचा धिंगाणा’ या अर्थाने. हे अंतर किलोमीटरचं कमी आणि ऐपतीचं, भाषेचं, ओळखीपाळखीचं जास्त होतं. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला, तेव्हा ते पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कमी झालं. किल्लारीच्या पारावर बसलेल्या पोराला आणि वांद्र्याच्या पोराला एकच गाणं एकाच क्षणी मिळू लागलं.

मला ते पुण्यात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्याने दिलं. तो बेस गिटार वाजवतो. फेब्रुवारी २०१७मध्ये ब्लॅक सबाथने बर्मिंगहॅमला निरोपाच्या दौऱ्यातला अखेरचा कार्यक्रम केला, त्याबद्दल तो सुट्टीत भरभरून बोलत होता. ‘मामा, एकदा नीट ऐका, मोठ्या आवाजात नको,’ म्हणत त्याने चांगले हेडफोन कानावर ठेवले आणि १३ फेब्रुवारी १९७० रोजी निघालेला त्यांचा पहिला अल्बम लावला.

सुरुवातीला पाऊस पडतो. लांबवर चर्चची घंटा वाजते, ढग गडगडतात. मग गिटारवर तीन सूर येतात. षड्ज, वरचा षड्ज आणि तिथून खाली उतरून तीव्र मध्यम. पंचमाची वाट पाहणाऱ्या कानाला पंचम मिळतच नाही. पाश्चात्त्य संगीतात हे अंतर अस्वस्थ करणारं मानतात. ज्याने मारवा ऐकला आहे, त्याला ही अस्वस्थता नवी नाही. मारव्यात पंचम वर्ज्य, मध्यम तीव्र, आणि षड्जावर गायक सहजी टेकत नाही. दिवेलागणीची ती हुरहुर वडिलांमुळे माझ्या ओळखीची होती. बर्मिंगहॅमच्या विशीतल्या पोरांनी तीच जागा, वेगळ्या कारणाने, वेगळ्या वाद्यावर गाठली होती. लयही घाईची नव्हती, अगदी विलंबित म्हणावी अशी होती. प्रत्येक सूर पूर्ण विरेपर्यंत पुढचा येत नव्हता.

आणि तो सूर खर्जातला होता. अंग आक्रसलं, पण मी हेडफोन काढले नाहीत. जमिनीखालच्या गडगडीचं भय असं की ती कधी सुरू होईल आणि कुठवर वाढेल, हे कुणाच्याच हातात नसतं. इथे तसाच जाडा आवाज होता, मात्र त्याला सम होती, तो मोजून सुरू होत होता आणि मोजून थांबत होता. चार माणसांनी ठरवून तो उभा केला होता आणि ठरवूनच खाली ठेवला. इतक्या वर्षांत खालचा आवाज ऐकताना मी पहिल्यांदाच जागेवर बसून राहिलो.

मग मी या माणसांबद्दल वाचत गेलो. गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वय सतरा. नोकरीचा शेवटचा दिवस होता, यंत्रात हात सापडून उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, त्यामुळे तारा दाबण्याचा हात तोच. डॉक्टरांनी गिटार विसरायला सांगितली. कारखान्यातल्या मुकादमाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत भाजल्यामुळे डाव्या हाताची दोन बोटं जवळजवळ निकामी झालेला हा गिटारवादक उरलेल्या बोटांवर वाजवायचा. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं केली, त्यांवर कातडं चिकटवलं. जाड तारा दाबवेनात म्हणून हलक्या तारा लावल्या. पुढे ताराही सैल केल्या. १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ या अल्बमात काही गाण्यांसाठी गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली आहे. पेटीच्या भाषेत, पांढरी तीनची तार काळी एकपर्यंत. बोटांना सोसावं म्हणून उतरवलेल्या त्या पट्टीतून आवाजाला जो भार आला, तोच पुढे जगभरच्या हेवी मेटलचा पाया झाला.

बाकीचे तिघेही कामगार वस्तीतले. ऑझीने कत्तलखान्यात काम केलं, मोटारीच्या हॉर्नच्या कारखान्यात केलं, चोरीसाठी काही आठवडे तुरुंगही पाहिला. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावाच्या खुणा अंगावर असलेल्या शहरात ही मुलं वाढली. बहुतेक गाणी बेसवादक गीझर बटलरने लिहिली. त्यांत सैतान आहे म्हणून या बँडला बदनाम केलं गेलं. ती नीट वाचली तर युद्ध लादणारे पुढारी दिसतात, अणुबॉम्बची धास्ती दिसते, व्यसनाने पोखरलेले तरुण दिसतात. ‘वॉर पिग्ज’ हे व्हिएतनाम युद्धाच्या काळातलं युद्धविरोधी गाणं आहे. पहिला अल्बम ऑक्टोबर १९६९मध्ये एका दिवसात वाजवून झाला. समीक्षकांनी तो झिडकारला, लोकांनी उचलला. सप्टेंबर १९७०मध्ये आलेला दुसरा अल्बम ‘पॅरानॉइड’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. त्यानंतर तो मान त्यांना पुन्हा मिळाला थेट २०१३ साली, ‘थर्टीन’ या अल्बमला, त्रेचाळीस वर्षांनी.

मधली वर्षं सरळ नव्हती. दारू आणि अमली पदार्थांनी बँड पोखरला. १९७९ साली ऑझीला काढून टाकलं, त्याच्या जागी रॉनी जेम्स डिओ आला आणि १९८०च्या ‘हेवन अँड हेल’मध्ये बँडने नवा सूर लावला. डिओचा आवाज कमावलेला, दमदार होता. ऑझीचा तसा नव्हता, पण घाबरलेल्या माणसाने घाबरलो म्हणून सांगावं तसा सच्चा होता. मला दोन्ही काळ प्रिय आहेत. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातले, माणसं सतत बदलत गेली तेव्हाचे अल्बम मला तेवढे धरून ठेवत नाहीत. बिल वॉर्डचं ड्रमवादन मात्र दरवेळी नवं सापडतं. तो जॅझ ऐकून तयार झालेला वादक. इतक्या जड सुरांखाली त्याची लय झुलती राहते. संबळ आणि हलगीवर वाढलेल्या कानाला ते झुलणं लगेच कळतं.

हे संगीत विशीत भेटलं असतं तर मी कदाचित त्याच्या मोठ्या आवाजावर भाळलो असतो, किंवा घाबरून कायमचा दूर गेलो असतो. चाळिशीच्या उंबरठ्यावर भेटलं तेव्हा घर पडणं, सावरणं, परत बांधणं हे सगळं पाहून झालं होतं. त्यामुळे तुटलेल्या बोटांमधून आलेला तो खर्ज मला नुसता चढा आवाज म्हणून ऐकू आला नाही. भीतीला नाव देऊन, तालात बांधून, दहा माणसांत बसून ऐकता येईल असं करून ठेवणारी ही कला आहे. आमच्याकडे गोंधळी हेच करतात, संबळाच्या घणघणाटात रात्र जागवतात. हेवी मेटलला पोरकट म्हणणाऱ्यांनी ते पुरतं ऐकलेलं नाही, असं मी आता ठामपणे म्हणतो. कारखान्यात राबणाऱ्या घरांतून आलेलं हे प्रौढ संगीत आहे.

माझी भीती पूर्ण गेली असं नाही. पेपरात भूगर्भातल्या आवाजाची बातमी आली की रात्री झोप चाळवते, आणि चाळवलीच पाहिजे. तिसऱ्या श्रेणीत राहणाऱ्या माणसाने घर कसं बांधलंय याची काळजी सोडू नये. पण सगळाच खर्ज आता मला शत्रू वाटत नाही. उस्ताद अमीर खाँ मंद्र सप्तकात उतरतात तेव्हा मी आता त्यांच्यासोबत खालपर्यंत जातो, जे तरुणपणी जमत नव्हतं.

माझ्या वयाच्या, लातूर-नांदेडकडच्या वाचकांना एवढंच सांगणं आहे. हे आपल्यासाठी नाही, आता वय गेलं, असं मनात आणू नका. सुरुवात १९७०च्या पहिल्या अल्बमपासून करा आणि पुढचे क्रमाने ऐका. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर ऐकू नका, त्यात खालचे सूर उमटतच नाहीत आणि या संगीताचा अर्धा जीव तिथेच आहे. बरे हेडफोन घ्या, आवाज मध्यम ठेवा. शब्द कळले नाहीत तरी चालेल, ते नंतर वाचता येतात. आणि घरातला एखादा पोरगा किंवा पोरगी असं काही ऐकत असेल, तर दार लावून घेऊ नका. जवळ बसून विचारा, हे काय आहे ते.