विश्लेषण : पाच डॉलरचे तिकीट, टी-शर्ट नाही, मॅनेजर नाही... ‘फुगाझी’ बँडने स्वातंत्र्य कसे टिकवले?

रॉक बँडचे नाव झाले की मोठ्या कंपनीशी करार, महाग तिकिटे आणि बँडच्या नावाचे टी-शर्ट हे ओघाने आलेच. अमेरिकेतील वॉशिंग्टन डीसीच्या ‘फुगाझी’ने हे तिन्ही टाळले. तरीही १९८७पासून दीड दशकात त्यांनी एक हजारांहून अधिक कार्यक्रम केले आणि देशातील पन्नासही राज्यांत वाजवले. हे जमले कसे?

बँड कोणाचा?

इयन मकाय, गाय पिचोटो, जो लॅली आणि ब्रेंडन कॅन्टी हे चौघे म्हणजे फुगाझी. मकाय यांनी १९८० मध्येच जेफ नेल्सन यांच्यासह ‘डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स’ ही छोटी कंपनी काढली होती. तिथे बँडशी लेखी करार होत नाही, नफा वाटून घेतला जातो. ‘रिपीटर’ (१९९०) ते ‘द आर्ग्युमेंट’ (२००१) हे फुगाझीचे सहाही स्टुडिओ अल्बम इथूनच आले.

पाच डॉलर कसे परवडले?

खर्च कमी ठेवून. मॅनेजर नव्हता, कार्यक्रम मकाय स्वतः ठरवत. सोबत मोजकीच माणसे असत. तिकीट शक्यतो पाच डॉलर आणि प्रवेश सर्व वयोगटांना, ही अट असे. अमेरिकेत मद्यपानाचे वय २१ असल्याने अनेक क्लबमध्ये त्याखालच्या मुलांना प्रवेश नसतो. त्यामुळे बँड सभागृहे, सामुदायिक केंद्रे अशा जागा शोधत असे. प्रेक्षकांत कोणी धक्काबुक्की केली तर गाणे थांबवून त्याला पाच डॉलर परत दिले जात आणि बाहेर काढले जाई.

मोठ्या कंपन्यांना नकार का?

१९९१ मध्ये ‘निर्वाणा’च्या ‘नेव्हरमाइंड’ला अफाट यश मिळाले आणि बड्या कंपन्या अशा बँडच्या मागे लागल्या. १९९३ मध्ये अटलांटिक रेकॉर्ड्सचे अहमत एर्टेगुन यांनी स्वतः फुगाझीला विचारणा केली. बँडने नकार दिला. त्याच वर्षी त्यांचा ‘इन ऑन द किल टेकर’ कंपनीच्या पाठबळाविना ‘बिलबोर्ड २००’ यादीत पोहोचला. कर्ज किंवा आगाऊ रकमेचे ओझे नसल्याने नाही म्हणणे त्यांना परवडत होते. तिकिटाचा दर, अल्बमची किंमत, दौऱ्याचे वेळापत्रक सारे त्यांच्याच हातात राहिले.

तोटा काय झाला?

टीव्ही आणि रेडिओवरून घराघरांत पोहोचणे त्यांना साधले नाही. शिवाय संगीतापेक्षा त्यांच्या नियमांचीच चर्चा अधिक झाली. गिटारच्या दोन आवाजांमधील सवालजवाब आणि रेगेची छाया असलेला बास ही त्यांची खरी ओळख. ती अनेकदा मागे पडली.

बँड थांबला का?

नोव्हेंबर २००२ मध्ये लंडनमध्ये त्यांचे शेवटचे कार्यक्रम झाले. कुटुंब आणि इतर जबाबदाऱ्या वाढल्याने चौघांनी अनिश्चित काळासाठी थांबायचे ठरवले. बँड फुटल्याची घोषणा मात्र झाली नाही. २०११ मध्ये डिस्कॉर्डने त्यांच्या कार्यक्रमांची जपून ठेवलेली ध्वनिमुद्रणे ऑनलाइन आणायला सुरुवात केली. अशी ८०० हून अधिक ध्वनिमुद्रणे त्यांच्याकडे आहेत. प्रत्येकासाठी सुचवलेली किंमत होती पाच डॉलर. ज्याला जमेल त्याने कमी-जास्त द्यावे, अशी मुभा ठेवून.