कान आणि ऐपत

३ मार्चच्या जागतिक श्रवणदिनी गावोगावी तपासणीची शिबिरे होतात आणि वृद्धांनी कानांची हेळसांड करू नये असा उपदेशही सर्वत्र करण्यात येतो. परंतु जिला आपण हेळसांड म्हणतो ती पुष्कळदा ऐपतीने घातलेली मर्यादा असते, ही गोष्ट त्या उपदेशात राहून जाते.

वार्धक्यात प्रथम उच्च कंप्रतेचे ध्वनी, म्हणजे स, श, फ यांसारखी व्यंजने क्षीण होतात आणि स्वर मात्र ऐकू येत राहतात. सबब ‘आवाज येतो, पण बोललेले समजत नाही’ ही त्या माणसाची तक्रार खरी असूनही घरची मंडळी तिला दुर्लक्षाची खोड समजतात. इचलकरंजी वा मालेगाव येथील यंत्रमागांच्या खडखडाटात ज्याने उभी हयात काढली, त्याचे कान तर वयाआधीच झिजलेले असतात. आणि ज्या व्याधीत ना ज्वर ना वेदना, तिच्यासाठी मुलाने रोजंदारी बुडवून आपल्याला जिल्ह्याच्या रुग्णालयात न्यावे, असे म्हणण्याचे धैर्य त्याला होत नाही.

या संदर्भात अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे डॉ. फ्रँक लिन व त्यांचे सहकारी यांनी २०२३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलेले, श्रवणयंत्राने वृद्धांच्या बुद्धीचा ऱ्हास मंदावतो का हे तपासणारे संशोधन मला अत्यंत मननीय वाटते. ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांपैकी काहींना श्रवणयंत्र व श्रवणतज्ज्ञाचे मार्गदर्शन आणि उरलेल्यांना केवळ आरोग्यशिक्षण देऊन तीन वर्षांनी पाहिले, तेव्हा एकंदर समूहात बुद्धीच्या ऱ्हासात फरक आढळला नाही. परंतु जे वयाने अधिक, शिक्षण व उत्पन्न यांनी उणे आणि प्रकृतीने अधिक जोखमीचे होते, त्या गटात तो ऱ्हास ४८ टक्क्यांनी मंदावला. एका गटापुरता हा निष्कर्ष असला, तरी ज्यांच्यापर्यंत यंत्र सर्वांत उशिरा पोहोचते त्यांनाच त्याचा लाभ सर्वाधिक होण्याचा संभव आहे, हे त्यातून सूचित होते.

आपल्याकडे २०१७ पासून राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब वृद्धांना श्रवणयंत्रे मिळतात, आणि राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेने २०२४ पासून पासष्टी गाठलेल्यांसाठी एकरकमी ३,००० रुपयांची तजवीज केली आहे. हे स्तुत्य होय. तथापि बरे यंत्र या रकमेत येत नाही, आणि फुकट मिळालेलेही कानाच्या मापाचे करावे लागते, त्याचा आवाज वारंवार जुळवावा लागतो, सेल बदलावे लागतात आणि नव्या ध्वनींची सवय होण्यास मेंदूला कित्येक आठवडे लागतात. हे सांगणारा कोणी जवळपास नसेल, तर गोंगाटाने त्रासलेला वृद्ध ते काढून ठेवतो आणि सरकारच्या दप्तरी मात्र तो लाभार्थी म्हणून कायम राहतो.

म्हणून वाटलेल्या यंत्रांची संख्या हे यशाचे माप न मानता, वर्षानंतर त्यांतील किती कानांवर आहेत याची नोंद ठेवली पाहिजे, आणि प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या वारी श्रवणतज्ज्ञ बसलाच पाहिजे. तेवढे झाल्यावरही जो येणार नाही, त्यालाच आपण हेळसांडीचा दोष द्यावा.