तेरच्या मण्यातला उजेड

संत गोरोबाकाकांचे तेर म्हणजेच प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात हे मोठे शहर पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याची नोंद आहे. इथल्या पांढरीत सापडलेले प्राचीन मणी गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात ठेवलेले आहेत. त्यांत काचेचेही आहेत. असा बारीक मणी कशापासून घडवला, हे तो न फोडता कसे कळणार?

जुना डबा टीव्ही आठवा. मागून येणारा इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्याच्या आतल्या लेपावर आदळायचा आणि लेप उजळायचा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात काचेचा मणी ठेवला तर तोही असाच, पण फार मंद उजळतो. याला कॅथोडोल्युमिनेसन्स म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट सोपी.

हा उजेड बराचसा येतो काचेतल्या भेसळीतून. वाळू आणि क्षार वितळवताना सोबत आलेल्या किंवा मुद्दाम घातलेल्या मँगनीजला झोताची ऊर्जा मिळते आणि ते ती हिरवट ते नारिंगी प्रकाशाच्या रूपात परत करते. लोह जास्त असेल तर हा उजेड दबतो. त्यामुळे डोळ्यांना सारखेच दिसणारे दोन मणी झोताखाली वेगळे निघू शकतात. मग वाळू वेगळी होती का, भट्टी वेगळी होती का, असे प्रश्न विचारता येतात. झोतामुळे निघणारे क्ष-किरणही मूलद्रव्ये ओळखायला मदत करतात.

मात्र झोत काही मायक्रॉनच आत शिरतो. केसाच्या जाडीचा दहावा भागही नाही. शतकानुशतके ओल्या मातीत राहिलेल्या काचेच्या वरच्या थरातले क्षार निघून गेलेले असतात. म्हणजे वाचले जाते ते मण्याचे झिजलेले कातडे. शिवाय झोत तीव्र असला तर काचेतले सोडियम जागचे हलते, कधी डागही पडतो. म्हणून झोत मंद ठेवावा लागतो आणि वेळ थोडा.

आणि मणी जमिनीच्या कोणत्या थरातून, कोणत्या खापरांसोबत निघाला, हे कोणतेच यंत्र सांगू शकत नाही. मणी कोणी खिशात घातला की ती माहिती गेलीच. पावसानंतर पांढरीत मणी दिसला तर उचलू नका. जागेचा फोटो काढा आणि वस्तुसंग्रहालयाला कळवा.