पगारी ऑर्केस्ट्रा, जळालेले मुखवटे

वसाहतवादविरोधी विचारवंत फ्रांझ फॅननच्या 1961 च्या गाजलेल्या ग्रंथात राष्ट्रीय संस्कृतीवर एक प्रकरण आहे. त्यात त्याने पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीच्या केइता फोदेबाची दीर्घ कविता जवळजवळ पूर्ण उतरवून दिली आहे. कवितेतला नामन हा शेतकरी फ्रेंच फौजेत जातो, महायुद्धातून वाचतो आणि परतताना सेनेगलमधल्या डाकारजवळच्या तियारॉयला गोऱ्या अधिकाऱ्यांच्याच हातून मरतो. तियारॉयची घटना खरी. 1 डिसेंबर 1944 रोजी थकलेला पगार मागणाऱ्या आफ्रिकी सैनिकांवर फ्रेंच लष्कराने तिथे गोळ्या झाडल्या होत्या. संस्कृती जुन्या चालीरीतींत सापडत नाही, लोकांच्या लढ्यातून घडते, असं फॅननचं म्हणणं होतं आणि फोदेबा हा त्याचा दाखला.

या फोदेबाच्या आयुष्यात गिनीच्या सांस्कृतिक धोरणाची अख्खी कहाणी सामावली आहे.

28 सप्टेंबर 1958 रोजी फ्रान्सच्या द गॉलने वसाहतींमध्ये सार्वमत घेतलं. फ्रेंच छत्राखाली राहायला सहाराच्या दक्षिणेकडच्या वसाहतींपैकी एकट्या गिनीने नकार दिला, तोही 95 टक्क्यांहून अधिक मतांनी. 2 ऑक्टोबरला देश स्वतंत्र झाला. संतापलेले फ्रेंच अधिकारी जाताना कचेऱ्यांतल्या फायली आणि सामानसुमानही घेऊन गेले. तिजोरीत खडखडाट, हाताशी प्रशिक्षित माणसं नाहीत. अशा वेळी अध्यक्ष सेकू तूरेने नाच-गाण्यालाच राज्यकारभाराचं साधन केलं.

फोदेबाने पॅरिसमध्ये उभी केलेली ‘बाले आफ्रिकां’ ही नृत्यमंडळी देशाची अधिकृत मंडळी झाली. लाबेच्या अल्फा याया या सरदाराच्या स्तुतिगीतावरून त्याने राष्ट्रगीताचं संगीत बांधलं. गृह आणि पुढे संरक्षण ही खातीही त्याच्याकडे आली.

युरोपीय चालींवर वाजवणारे खासगी वाद्यवृंद 1959 मध्ये मोडीत काढण्यात आले आणि सरकारी वाद्यवृंद उभे राहिले. वाद्यं सरकारची, वादक पगारी. दर प्रांताचा वाद्यवृंद, नाटकमंडळी, नृत्यपथक. त्यांच्या स्पर्धा खालून वर चढत राजधानी कोनाक्रीपर्यंत जात. पोलिसदलातल्या बायकांचा ‘आमाझोन’ हा वाद्यवृंदही 1961 मध्ये निघाला. पिढीजात ग्रियो म्हणजे आपल्याकडच्या भाट-चारणांसारखे. त्यांच्या घरचे बालाफोन या लाकडी पट्ट्यांच्या वाद्याचे तुकडे आता विजेच्या गिटारवर वाजू लागले. ‘बेंबेया जाझ’चा सेकू दियाबाते याला तर लोक ‘हिऱ्याच्या बोटांचा’ म्हणत. या वाद्यवृंदाने फ्रेंचांशी लढलेल्या सामोरी तूरेची गाथा लाँग प्ले तबकडीच्या दोन्ही बाजू भरून सादर केली. 1969 च्या अल्जियर्स महोत्सवात तिला रौप्यपदक मिळालं. सामोरी हा अध्यक्षांचा पूर्वज असल्याचं सांगितलं जाई, म्हणजे गाथा सामोरीची आणि बोलबाला सेकू तूरेचा.

तिकडे आग्नेयेच्या जंगलपट्ट्यात, मासेंता-न्झेरेकोरेच्या बाजूला, याच सरकारने ‘अंधश्रद्धा निर्मूलना’ची मोहीम चालवली. लोमा लोकांचे मुखवटे पुरुषांच्या गुप्त मंडळांचे. बायकांनी ते पाहायचे नाहीत असा दंडक. तूरेच्या सत्ताधारी पक्षाच्या कार्यकर्त्यांनी ते भर चौकात आणून सर्वांसमोर उघडे केले, कित्येक जाळले. दीक्षाविधींवर बंदी आली. आणि त्याच जंगलातले नाच रंगमंचावर राष्ट्रीय ठेवा म्हणून टाळ्या मिळवत राहिले. गावात जे मागासलेपण ठरलं, तेच राजधानीत संस्कृती ठरलं. कोणतं काय, हे पक्ष ठरवणार.

असं ठरवण्याचा हक्क एकाच पक्षाच्या हाती गेला की तो नाच-गाण्यापुरता राहत नाही. 1976 मध्ये तूरेने पुलार बोलणाऱ्या फुलानी समाजावर कटाचा आळ घेतला. आफ्रिकी ऐक्य संघटनेचे पहिले सरचिटणीस दियालो तेली हे त्याच समाजाचे. 1977 मध्ये त्यांना कोनाक्रीच्या कँप बुवारो तुरुंगात अन्नपाणी तोडून मारलं. फोदेबा त्याआधीच, 1969 मध्ये, तिथेच संपला. जी सुरक्षायंत्रणा उभारण्यात त्याचा स्वतःचा हात होता, तिनेच त्याला गोळ्या घातल्या.

शाळांत मालिंके, सूसू, पुलार अशा देशी भाषांतून शिक्षण देण्याचं 1968 चं धोरणही तूरेच्या नावाशी जखडलेलं होतं. मार्च 1984 मध्ये तो गेला, लष्कर सत्तेवर आलं आणि वर्गांत फ्रेंच परतली. मुळात चांगली असलेली गोष्टसुद्धा त्याच्याबरोबर बुडाली.

संगीत मात्र टिकलं. नभोवाणीच्या संग्रहातली 9 हजारांहून अधिक गाणी 2013 पर्यंत डिजिटल झाली आणि ब्रिटिश लायब्ररीमार्फत जगाला खुली झाली. ती जरूर ऐका. त्या काळातलं इतकं कसदार संगीत आफ्रिकेत फार थोड्या देशांनी दिलं. पण ऐकताना एवढं ध्यानात असू द्या, की सरकारने पोसलेल्या त्या वादकांना सरकारविरुद्ध एकही गाणं म्हणायची सोय नव्हती. परक्यांपासून सोडवलेली संस्कृती स्वकीयांच्या सरकारपासूनही मोकळी ठेवावी लागते, हा धडा गिनीने फार मोठी किंमत देऊन घेतला.