भाडे, ताबा आणि संपत्ती : मुंबईतील भाड्याच्या इमारतींचे अर्थकारण

इमारत बांधून ती भाड्याने द्यावी आणि येणाऱ्या भाड्यातून संपत्ती वाढवावी, हा गुंतवणुकीचा प्रकार वरकरणी सुबोध वाटतो. परंतु इमारत म्हणजे ठेवीची पावती नव्हे. तिची झीज होते, तिच्यावर कर बसतो आणि तीत राहणाऱ्या माणसाचे तिच्याशी कायदेशीर नाते जडते. या तीनही गोष्टींचे परिणाम मुंबईच्या चाळींच्या इतिहासात विशेष स्पष्टपणे दिसून येतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडगिरण्या वाढल्या आणि कोकणातून व देशावरून कामगार शहरात आले. त्यांच्यासाठी खाजगी भांडवलदारांनी चाळी उभारल्या. थोड्या जागेत पुष्कळ खोल्या, सामाईक संडास व नळ, आणि दरमहा जमा होणारे भाडे, असे या गुंतवणुकीचे स्वरूप होते.

अशा गुंतवणुकीचा हिशेब मांडताना ढोबळ उत्पन्न व निव्वळ उत्पन्न यांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. उदाहरणादाखल, जमिनीची किंमत वगळून १,००,००० रुपये खर्चून बांधलेल्या इमारतीचे वार्षिक भाडे ९,००० रुपये आहे असे मानू. कर, दुरुस्ती, व्यवस्था व थकबाकी यांपोटी ३,००० रुपये जातात. इमारतीचे आयुष्य ५० वर्षे धरल्यास घसाऱ्यासाठी दरसाल २,००० रुपये बाजूस ठेवावयास हवेत. उरलेले ४,००० रुपये हेच खरे उत्पन्न होय. सर्व ९,००० रुपयांना उत्पन्न समजणारा मालक नकळत आपले भांडवलच खर्च करीत असतो.

आता कायद्याचा विचार करू. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ साली, मुंबईत भाड्यांवर प्रथम निर्बंध आले. पुढे १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हे सामान्यतः प्रमाण भाडे ठरविले. युद्धकाळात गजबजलेल्या शहरात निराधार भाडेकरूस संरक्षण देण्याचा हेतू न्याय्यच होता. तथापि तात्पुरत्या स्वरूपाच्या या कायद्यास वारंवार मुदतवाढ मिळत गेली. भाडे स्थिर राहिले. गवंड्याची मजुरी आणि सिमेंटचा भाव मात्र स्थिर राहिला नाही. वरील उदाहरणातील ३,००० रुपयांचा खर्च तिप्पट झाला, की संपूर्ण भाडे त्यातच संपते आणि घसाऱ्यासाठी काहीच उरत नाही. अशा स्थितीत मालक प्रथम दुरुस्ती थांबवतो. दुरुस्तीची जबाबदारी कायद्याने त्याच्यावर असली, तरी ती पार पाडण्याचे साधन त्याच्या हाती राहिलेले नसते.

येथे एक प्रश्न उद्भवतो : भाडे गोठले म्हणून जागेचे मूल्य नाहीसे झाले काय? तसे झाले नाही. ते मालकीकडून ताब्याकडे सरकले. खोली सोडणारा भाडेकरू नव्या भाडेकरूकडून पागडी घेऊ लागला आणि तिचा काही हिस्सा मालकास मिळू लागला. १९४७ च्या कायद्यान्वये अशी रक्कम घेणे निषिद्ध होते. तरीही व्यवहार चालूच राहिला. परिणामी संपत्तीचे वाटेकरी दोन झाले, परंतु इमारतीची काळजी घेणारा कोणीच उरला नाही. मालकास उत्पन्न नाही आणि भाडेकरूस मालकी नाही, या कोंडीत भिंती खचत गेल्या. जीर्ण इमारती कोसळून माणसे मृत्युमुखी पडू लागली, तेव्हा शासनास १९६९ साली कायदा करून दुरुस्ती मंडळ स्थापावे लागले व त्यासाठी उपकर बसवावा लागला. उपकरप्राप्त इमारतींच्या वर्गवारीत १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारतींचा 'अ' वर्ग करण्यात आला. भाडे गोठविणारी तारीखच अशा रीतीने जीर्णतेच्या वर्गवारीची तारीख ठरली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, प्रमाण भाड्याविषयीच्या या तरतुदी कालांतराने अवाजवी झाल्या असल्याचा निर्णय दिला. त्यानंतरच्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने दरसाल ४ टक्के भाडेवाढीस मुभा दिली आणि पागडीसही मान्यता दिली. परंतु ही वाढ चक्रवाढीने धरली, तरी ५० रुपयांचे भाडे २५ वर्षांनी सुमारे १३३ रुपयेच होते. मूळ आकडाच क्षुल्लक असेल, तर वाढीचा दर इमारतीस वाचवू शकत नाही.

याच कायद्यान्वये लिखित व नोंदणीकृत करार आवश्यक ठरला आहे, आणि मुदतीच्या परवान्यावर राहण्यासाठी दिलेली जागा मुदत संपताच परत मिळविण्याची स्वतंत्र व्यवस्थाही आहे. त्यामुळे आजच्या गुंतवणूकदाराची स्थिती निराळी आहे. चाळींचा अनुभव मात्र कालबाह्य झालेला नाही. भाड्यातून संपत्ती टिकावयाची असेल, तर त्या भाड्यातून प्रथम इमारत टिकली पाहिजे. आणि भाडे कितीही वाढविण्याची मोकळीक द्यावयाची नसेल, तर दुरुस्तीचा भार कोणी वाहावयाचा, हे त्याच कायद्यात ठरविले पाहिजे. हा भार अनिर्णित राहिला, की त्याची किंमत अखेर इमारतीत राहणाऱ्यांना आपल्या प्राणांनी द्यावी लागते.