दोन भिंतींमधील सांधलेली तुळई

मुंबईच्या गिरगांव-काळबादेवी भागांतील कित्येक जुन्या चाळींचे मजले सागवानी तुळयांवर उभे आहेत. भिंतींत मुरणारें पावसाचें पाणी तुळईचें दडलेलें टोकच प्रथम कुजवितें. त्यामुळें मधला भाग धड दिसत असतांहि मजला खचूं लागतो. अशा वेळीं तिच्या जागीं पोलादी तुळई घालावी लागते.

परंतु येथें एक भूमितीची अडचण आहे. खोली ५ मीटर रुंद असून तुळई प्रत्येक भिंतींत २० सेंटिमीटर टेकावयाची असली, तर तिची लांबी ५.४ मीटर हवी. भिंती तर आधींच उभ्या! शिवाय ३०० मिलिमीटर उंचीच्या तुळईचें वजन मीटरला सुमारें ४५ किलो. तेव्हां सबंध नग अडीचशें किलोंच्या घरांत जातो. तो चाळीच्या अरुंद जिन्यांतून वळत नाहीं. म्हणून ती तुकड्यांनीं आणून जागेवरच सांधतात.

सांधा कोठें असावा, हा खरा प्रश्न. एक पट्टी दोन पुस्तकांवर आडवी टेकवून दाबून पाहा. तुळईवर सर्वत्र सारखा भार असेल तर तिला वांकविणारा जोर मध्यावर सर्वांत अधिक असतो. टोकापासून चतुर्थांश अंतरावर तो पाऊणपट, तर अष्टमांश अंतरावर निम्म्याहूनहि कमी भरतो. म्हणून सांधा मध्यावर न घेतां टोकाकडे घेणें श्रेयस्कर. मात्र टोकाकडे कातरणारा जोर वाढतो. यास्तव वरच्या व खालच्या बाजूंप्रमाणेंच मधल्या उभ्या भागालाहि दोहों अंगांनीं पट्ट्या लावून बोल्ट आवळतात. लांकडी घरांत वेल्डिंगच्या ठिणग्यांपेक्षां बोल्ट बरे.

तुळईची टोकें नुसत्या विटांवर टेकूं नयेत. खालीं दगडाची अगर काँक्रीटची बैठक हवी, म्हणजे भार पसरतो. काम चालू असतां मजल्याला दिलेले टेकू तळमजल्यापर्यंत एकाखालीं एक यावेत. नाहीं तर खालचा मजला दबेल. शेवटीं तुळई व मजला यांमधील फट घट्ट भरून मगच टेकू हळूहळू काढावेत.

गृहस्थानें एवढें अवश्य करावें: इंजिनिअरच्या नकाशांत सांधा कोठें व बोल्ट किती, हें विचारावें, आणि गिलावा चढण्यापूर्वीं ते स्वतः मोजावेत. एकदां गिलावा झाला, कीं चांगला सांधा व वाईट सांधा सारखेच दिसतात. आणि त्याच्याखालीं घरचीं मुलें निजतात.